विद्यार्थ्यांचें समाधान कसें मोजावें?

शिक्षकांनीं अभ्यासक्रम किती पुरा केला, ते तयारी करून येत असत काय, असे प्रश्न कोणी विद्यार्थ्यांना विचारील, अशी कल्पना आमच्या वेळीं पुण्यांत कोणी बोलून दाखविली असती तर हंशाच पिकला असता. परंतु 2017 सालीं राष्ट्रीय मूल्यांकन व प्रत्यायन परिषदेनें, म्हणजे सर्वांच्या तोंडीं असलेल्या 'नॅक'नें, महाविद्यालयांच्या मूल्यांकनांत अशी प्रश्नावली घातली. वीस प्रश्नांना शून्यापासून चारपर्यंत गुण द्यावयाचे, आणि एकविसाव्या जागीं मनांतलें लिहावयाचें. अशी पायरीपायरीची मोजपट्टी रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानें 1932 सालींच मांडली होती.

मींही माझ्या अर्थशास्त्राच्या वर्गापुरते तसे कागद भरून घेतले. सरासरी साडेतीनच्या वर आली. मी खूष झालों. दोन दिवसांनीं शेवटच्या बांकावरची, लातूरकडची एक मुलगी जिन्यांत भेटली. "सर, तुमचें इंग्रजी व्याख्यान मला अर्धेंच समजतें."

"मग गुण किती दिलेस?"

"चार. तुम्ही रागवत नाहीं म्हणून."

"आणि एकविसावा प्रश्न?"

"कोरा ठेवला. अक्षर ओळखूं येतें ना, सर!"

ती खोटें बोलली नव्हती. तिनें माझ्याविषयींचा लोभ लिहिला. मीं तो विषयाच्या आकलनाचा आंकडा समजलों. हार्वर्ड विद्यापीठांतील भौतिकशास्त्राच्या वर्गांवरचा, 2019 सालीं प्रसिद्ध झालेला प्रयोगही हाच घोटाळा दाखवितो. ज्यांना वर्गांत स्वतः उदाहरणें सोडवावयास लावलें, ते चांचणींत पुढें गेले. पण आपण अधिक शिकलों असें वाटलें तें सफाईदार व्याख्यान ऐकणारांना!

राइनहार्ड पेक्रुन व त्यांचे सहकारी यांनीं 2011 सालीं प्रसिद्ध केलेली प्रश्नावली म्हणूनच मला अधिक प्रामाणिक वाटते. तींत आनंद, आशा, अभिमान, सुटका, राग, चिंता, लाज, निराशा आणि कंटाळा या नऊ भावना निरनिराळ्या विचारल्या आहेत. (आपल्या साहित्यशास्त्रांतले रसही नऊच, मात्र त्यांत कंटाळ्याला जागा नाहीं.) लाजेचा रकाना समोर असता, तर त्या मुलीनें तेथें किती गुण भरले असते?

पुढच्या सत्रांत मीं एकविसावा प्रश्न पहिला केला, तोही मराठींत, आणि उत्तरें हातानें न लिहितां टंकून, नांवावांचून मागविलीं. सरासरी चांगलीच उतरली. नऊ जणांची मागणी एकच होती: अवघड इंग्रजी शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावेत.