कॅमेरा घ्यायचाय? आधी वही काढा

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात क्लब हाउसमध्ये केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी थोडं नीटनेटकं करून दिलं आहे.)



मी काही फोटोग्राफर नाही. बँकेत सदतीस वर्षं दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब केले आणि २०१० साली निवृत्त झालो, एवढीच माझी ओळख. पण गळ्यात कॅमेरा दिसतो म्हणून लिफ्टमध्ये कोणी ना कोणी विचारतं, "काका, मुलीला कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" आमचा चौथा मजला येतो, उत्तर अर्धंच राहतं. ते आज पूर्ण करतो.

नोकरी लागल्यावर मी आगफाचा क्लिक थ्री घेतला होता. एका रोलवर बारा फोटो. बटण दाबण्याआधी माणूस दहादा विचार करायचा. त्यानंतर संसार, बदल्या, घराचे हप्ते, यात तो छंद माळ्यावर गेला. निवृत्तीनंतर पहिली खरेदी केली ती निकॉन डी ३१०० ची. सोबत १८-५५ ची लेन्स आणि लांबचं जवळ दिसावं म्हणून ५५-२०० ची. मला वाटलं, झालं, आता काही घ्यायला नको.

पुढच्या वर्षी कुठेतरी वाचलं की पन्नासची लेन्स फार चांगली, आणि स्वस्तही. एका दुकानात गेलो. विचारलं, "माझ्या कॅमेऱ्याला बसेल का?" तो म्हणाला, "बसेल की." घेतली. बसलीही. घरी येऊन बटण दाबलं तर खिडकीत अक्षरं लुकलुकायला लागली: एफ, ई, ई. फी! जन्मभर बँकेत काढलेल्या माणसाकडे कॅमेरा फी मागतो म्हणजे काय? अर्धा तास मॅन्युअल चाळल्यावर कळलं की त्या लेन्सला जुन्या पद्धतीची एक कडी असते, ती २२ या आकड्यावर फिरवून अडकवून ठेवायची. अडकवली. फी माफ झाली. पण फोकस काही आपोआप होईना. माझ्या कॅमेऱ्यात फोकस फिरवणारी मोटर नाही, ती लेन्समध्ये असावी लागते, आणि ती लेन्स होती 'डी' प्रकारची, बिनमोटरची. मोटर असलेली 'जी' प्रकारची पन्नास त्याच वर्षी, २०११ मध्ये, बाजारात आली. दुकानदार खोटं बोलला नव्हता. मी 'बसेल का' विचारलं, 'चालेल का' विचारलंच नाही. कर्जाची कागदपत्रं तपासताना मी अशी चूक कधी केली नसती.

मग ती लेन्स मी कपाटात टाकली आणि पक्ष्यांच्या मागे लागलो. येऊरला जायचो, खाडीवर जायचो. एकदा भाच्याकडून २००-५०० ची लेन्स मागून आणली. वजन दोन किलो तीनशे ग्रॅम. फ्लेमिंगो गुलाबी ठिपक्यांऐवजी पक्षी दिसले हे खरं, पण खांदा आठवडाभर दुखत होता. साठी उलटलेल्यांनी कॅमेऱ्याचं वजन किंमतीच्या आधी विचारावं. आणि अशी मोठी लेन्स विकत घेण्याआधी दोन दिवस भाड्याने आणून पाहावी, मुंबईत मिळते.

आता एक घरची गोष्ट सांगतो. माझी पत्नी २०१९ साली गेली. तुमच्यापैकी बरेच जण त्या वेळी घरी आला होता. फ्रेम करायला फोटो हवा होता. मी हार्ड डिस्क उघडली. खंड्याचे चारशेच्या वर फोटो होते. तिचे म्हणावेत असे अकरा. सात हललेले, दोनांत फ्लॅशमुळे डोळे मिटलेले, एक पाठमोरा, आणि एकात तिने "पुरे हो आता" म्हणून हात पुढे धरलाय. आमच्या हॉलमध्ये जो फोटो लावलाय तो माझा नाही. बी विंगमधल्या वहिनींनी हळदीकुंकवाला मोबाइलवर काढलेला आहे. मी त्यांचे आभार तेव्हा मानले नव्हते, आज मानतो.

ते सात फोटो का हलले, हे मी नंतर नीट बसून पाहिलं. सगळे घरात, संध्याकाळी, ट्यूबलाइटच्या उजेडात काढलेले. १८-५५ ची लेन्स पंचावन्नवर नेली की तिचं तोंड जास्तीत जास्त एफ ५.६ इतकंच उघडतं. माझ्या लेन्सवर १.८ लिहिलेलं आहे. हे आकडे उलटे असतात, आकडा लहान तितकं तोंड मोठं. ५.६ आणि १.८ मध्ये उजेडाचा फरक जवळजवळ दहापट पडतो. म्हणजे जो फोटो एका लेन्सने काढायला सेकंदाचा पंधरावा भाग लागतो, तोच दुसरीने दीडशेव्या भागात निघतो. सेकंदाच्या पंधराव्या भागात माणूस हसतो, मान वळवतो, पोळी उलटतो. कॅमेऱ्यातली थरथर रोखणारी सोय आपला हात सावरते, समोरच्याला स्थिर करत नाही. आणि दहापट उजेड घेणारी लेन्स आठ वर्षं आमच्याच कपाटात पडून होती, फोकस हाताने फिरवायचा कंटाळा म्हणून. खिडकीत एक हिरवा ठिपका असतो, फोकस जुळला की तो स्थिर होतो. शिकायला मला दोन रविवार लागले.

म्हणून कोणी विचारलं की मी आधी वही काढायला सांगतो. दुकानात जायच्या आधी मोबाइलमधले शेवटचे शंभर फोटो उघडा. वहीत खाने पाडा: घरातली माणसं, शाळेचं गॅदरिंग, प्रवास, फुलंपाखरं, पक्षी. प्रत्येक फोटोची एक रेघ. पाच रेघांचा गठ्ठा, जसे आम्ही नोटांचे करायचो. मी माझा हिशेब मांडला तेव्हा दिसलं की पक्षी सोडले तर माझे बहुतेक फोटो चार भिंतींच्या आत आहेत. लेन्स मात्र मी जंगलाच्या घेतलेल्या.

घरातली माणसं जास्त निघाली तर ३५ ची, १.८ वाली लेन्स घ्या. पन्नास का नको? या साध्या कॅमेऱ्यांचा सेन्सर जुन्या फिल्मपेक्षा लहान असतो, त्यामुळे निकॉनमध्ये पन्नासची लेन्स पंचाहत्तरसारखी वागते. आपले हॉल दहा बाय सोळाचे. पन्नास लावून मागे सरकत गेलात की पाठ शोकेसला लागते आणि तरी सासूबाई फ्रेममध्ये मावत नाहीत. एकेकट्याचा चेहरा काढायचा तर मात्र पन्नास उत्तम. गॅदरिंग जास्त असेल तर ८५ ची १.८ घ्या आणि जागा पुढच्या रांगेत धरा. प्रवासच जास्त असेल तर कॅमेऱ्यासोबत येणारी १८-५५ वाईट नाही, दिवसाउजेडी ती छान काम करते. आणि शंभर फोटोंपैकी नव्वद जेवणाच्या ताटांचे निघाले तर काही घेऊ नका, मोबाइल पुरे आहे. हे मी चेष्टेने म्हणत नाही.

पैसे किती कशात घालायचे, याबद्दल बँकवाला म्हणून सांगतो. कॅमेऱ्याची बॉडी म्हणजे गाडी. शोरूमच्या बाहेर पडली की घसारा सुरू. दोन-तीन वर्षांत नवं मॉडेल येतं आणि तुमच्याला कोणी विचारत नाही. चांगली लेन्स मात्र सोन्याच्या जवळ जाते. निकॉनचा लेन्स अडकवायचा साचा १९५९ चा, कॅननचा ईएफ १९८७ चा. बॉडी बदलल्या, साचा तोच राहिला. म्हणून पन्नास हजार असतील तर बॉडीत पंचेचाळीस घालून लेन्ससाठी पाच उरवू नका. उलट करायला कोणी धजत नाही, पण निदान निम्मे-निम्मे करा. आणि एकदा एका कंपनीच्या दोन लेन्स घेतल्या की ती सोयरीक असते, सहज मोडता येत नाही.

या सोयरिकीत सध्या एक घोळ झालाय. २०१८ साली कॅनन आणि निकॉन दोघांनीही बिनआरशाच्या कॅमेऱ्यांसाठी नवे साचे काढले आणि आता त्यांचं सगळं लक्ष तिकडे आहे. नव्याने सुरू करणाऱ्या तरुणांनी पुढची वीस वर्षं धरून तिकडेच जावं. आमच्यासारख्यांना मात्र यात फायदा आहे. आरशाचे जुने कॅमेरे आणि लेन्स लोक कमी किमतीत काढून टाकतायत. वापरलेली लेन्स घेताना टॉर्च न्या. मागून उजेड टाकून आत पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले की ती बुरशी. कितीही स्वस्त असली तरी घेऊ नका. आणि 'बसेल का' विचारू नका. स्वतःचा कॅमेरा सोबत न्या, लावा, बटण अर्धं दाबा, फोकस फिरतोय ना ते कानाने ऐका.

बुरशीवरून आठवलं, कारण हे आपल्या हवेत सगळ्यांना होणारच. माझ्या ५५-२०० ला २०१३ च्या पावसाळ्यात ती लागली. चूक माझीच. चामडी पिशवीत घालून, कपाटात, जून ते सप्टेंबर. चामडं ओल धरून ठेवतं. आता मी स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा वापरतो, त्यात सिलिका जेलच्या निळ्या गोळ्या आणि एक छोटा आर्द्रता दाखवणारा काटा. चाळीस ते पन्नासमध्ये काटा ठेवायचा. गोळ्या गुलाबी झाल्या की तापवून पुन्हा निळ्या करायच्या. तांदळात ठेवा असं कोणी सांगेल, ऐकू नका, भुकटी आत जाते. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा तरी कॅमेरा बाहेर काढून वापरा. पडून राहिलेली लेन्स लवकर बिघडते.

या स्मरणिकेसाठी कमिटीने माझ्याकडे पहिल्या कार्यकारिणीचे फोटो मागितले तेव्हा पुन्हा तेच झालं. आपले पहिले सेक्रेटरी, ज्यांनी कन्व्हेयन्ससाठी दोन वर्षं चपला झिजवल्या, त्यांचा पासपोर्ट साइज फोटो मोठा करून छापावा लागतोय. त्यांच्याबरोबर मी रोज सकाळी फिरायला जायचो, कॅमेरा गळ्यात घालून.

तेव्हा आता मी एक काम काढलंय. सोसायटीत राहणाऱ्या प्रत्येकाचा एक फोटो, तीच जुनी पन्नासची लेन्स लावून. क्लब हाउसच्या उत्तरेकडच्या खिडकीशी ऊन थेट येत नाही, उजेड मऊ असतो, फ्लॅश लागत नाही. ए विंग पूर्ण झाली आहे, बी विंगमधली सहा घरं आणि अख्खी सी विंग बाकी आहे. रविवारी सकाळी नऊ ते साडेदहा मी तिथे असतो. फोकस हाताने करावा लागतो, म्हणून प्रत्येकी पाच मिनिटं धरा. आजी-आजोबांना आधी आणा. आणि "माझा फोटो चांगला येत नाही" असं म्हणणाऱ्यांना तर नक्की आणा, आमच्याकडे हात पुढे धरलेला एक फोटो आहे, तसा दुसरा मला नकोय.