तंबाखूचें मोजमाप

तंबाखूपासून अपाय होतो, हें आतां कोणास निराळें सांगावयास नको. परंतु कोणत्या तंबाखूपासून किती अपाय होतो, हा प्रश्न निघाला म्हणजे पुष्कळ सुशिक्षित मंडळीही अंदाजानेंच बोलूं लागतात. विडी ओढणारा म्हणतो, "माझ्या विडींत तंबाखू ती काय, चिमूटभर!" सिगारेटवाला म्हणतो, "मी सौम्य प्रकारची घेतों." आणि रोज सकाळीं मिश्री लावणाऱ्या आजीबाई तर आपण तंबाखू वापरतों असें मानीतच नाहींत, त्यांच्या दृष्टीनें तें केवळ दंतमंजन. या तिघांच्या म्हणण्याची परीक्षा करण्याचीं साधनें आज रसायनशास्त्रानें उपलब्ध करून दिलीं आहेत. त्यांचीच थोडक्यांत ओळख करून द्यावी, असा आजचा हेतु आहे.

पूर्वीं हें मोजमाप यंत्रावर होत असे. यंत्रास सिगारेट लावावयाची, दर मिनिटास एकदां, दोन सेकंदांत ३५ घनसेंटिमीटर धूर ओढावयाचा, आणि त्यांतील डांबर व निकोटीन तोलावयाचें, ही अमेरिकेंतील प्रमाण पद्धत. या परीक्षेंत 'सौम्य' सिगारेटी सहज उत्तीर्ण होत. कारण त्यांच्या टोंकाजवळ बारीक छिद्रें असत व त्यांतून हवा आंत शिरून धूर पातळ होई. परंतु माणूस म्हणजे यंत्र नव्हे. त्याच्या शरीरास ठराविक निकोटीनची चटक लागलेली असते. तो अधिक खोल ओढतो, अधिक वेळां ओढतो, आणि बोटांनीं वा ओठांनीं तीं छिद्रें नकळत झांकून टाकतो. अखेर २००८ सालीं अमेरिकेच्या व्यापार आयोगानें या पद्धतीस दिलेली मान्यता काढून घेतली. यांतून धडा मिळाला तो असा, कीं यंत्रांत किती उतरलें हें न पाहतां शरीरांत किती उतरलें तें मोजावें.

शरीरांत याचे तीन साक्षीदार सांपडतात.

पहिला कोटिनीन. निकोटीन रक्तांत फार वेळ टिकत नाहीं. सुमारें दोन तासांत तें निम्म्यावर येतें. यकृत त्याचें कोटिनीन बनवितें, व तें निम्म्यावर येण्यास सुमारें १६ तास लागतात. म्हणून रक्त, लाळ अथवा मूत्र तपासलें असतां गेल्या दोन-तीन दिवसांचा हिशेब लागतो. वडील घरांत धूम्रपान करीत असल्यास, तंबाखूस कधीं स्पर्शही न केलेल्या मुलांच्या लाळेंत कोटिनीन आढळतें. मात्र निकोटीन कोठून आलें, हें हा साक्षीदार सांगत नाहीं. व्यसन सुटावें म्हणून डॉक्टरांनीं दिलेल्या निकोटीनच्या पट्टीनेंही तें दिसतें.

दुसरा साक्षीदार कार्बन मोनॉक्साइड. हा वायु ज्वलनांतून निघतो, रक्तांतील हिमोग्लोबिनशीं जडतो आणि प्राणवायूची जागा अडवितो. लहानशा यंत्रांत श्वास फुंकला कीं तो मोजतां येतो. विडी सारखी विझूं पाहते, म्हणून ती वरचेवर व जोरानें ओढावी लागते. त्यामुळें चिमूटभर तंबाखूची विडीही या बाबतींत सिगारेटीहून सौम्य ठरत नाहीं. उलट तंबाखू खाणाऱ्याचा श्वास या परीक्षेंत निर्दोष ठरतो. खरी फसगत होते ती येथेंच.

कारण तिसरा साक्षीदार धुराची वाट पाहत नाहीं. तंबाखूचें पान वाळवितांना व मुरवितांना त्यांत नायट्रोसअमाइन वर्गाचीं द्रव्यें तयार होतात. त्यांपैकीं 'एन-एन-के' व 'एन-एन-एन' यांस जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनें मनुष्यांत कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांच्या पहिल्या वर्गांत घातलें आहे. एन-एन-केपासून शरीरांत 'एन-एन-ए-एल' बनतें, व तें मूत्रांतून कित्येक आठवडे बाहेर पडत राहतें. तंबाखू सोडून नुसती पट्टी वापरणाऱ्याचें हें प्रमाण हळूहळू उतरत जातें. पण धूर न काढतां तंबाखू वापरणाऱ्यांत तें सिगारेट ओढणाऱ्यांच्या बरोबरीचें, प्रसंगीं अधिकही, आढळलें आहे.

मिश्रीची गोष्ट आणखी गंभीर आहे. तंबाखू काळी पडेपर्यंत तव्यावर भाजली जाते, आणि त्या भाजण्यानें बेंझोपायरीनसारखीं धुरांतील विषेंही तींत उतरतात. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं शेंकडा ३·८ धूम्रपान करणारे, तर शेंकडा २४·४ धूररहित तंबाखू वापरणारे आढळले. मुंबईंतील १,२१७ गर्भवती स्त्रियांचा अभ्यास २००४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत धूररहित तंबाखू वापरणाऱ्या मातांचीं बालकें सरासरी १०५ ग्रॅम वजनानें कमी भरलीं. यांतील पुष्कळ माता मिश्रीच लावणाऱ्या होत्या. ज्या बालकानें अजून जग पाहिलें नाहीं, त्याच्या वाट्यास हा तोटा आला.

तेव्हां या मोजमापावरून कोणती तंबाखू चालेल हें शोधूं नये. निर्धोक अशी एकही नाहीं. मोजमापानें गळून पडतात त्या आपल्या सबबी. डॉक्टरांनीं "तंबाखू घेतां काय?" असें विचारलें, तर मिश्रीचेंही नांव सांगावें. घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांची डबी हिसकावून घेऊं नये वा त्यांची थट्टाही करूं नये. ज्याची चटक शरीरास लागली आहे, तें रागावून सुटत नसतें. तंबाखूच्या वेष्टनावर १८००-११-२३५६ हा विनामूल्य साहाय्याचा दूरध्वनि क्रमांक छापलेला असतो. तो त्यांना आपण स्वतः लावून द्यावा, आणि त्या बोलत असतां जवळ बसावें.