तुमच्या घरात कोण आहे?

मैत्रिणींनो, मी देवगाव फाट्याहून बोलते आहे. दर वेळी मी तुम्हाला कर्जाचे हप्ते, नोंदवह्या, बँकेच्या खेपा असलं काहीतरी सांगते. आज वेगळं सांगणार आहे. हे सांगायला मला बरीच वर्षं लागली.

२०१९ च्या मार्चमध्ये मी दुबईला गेले होते. हौसेनं फिरायला नाही, धाकट्या बहिणीच्या बाळंतपणाला. मेहुणे तिथं एसी दुरुस्तीच्या कामावर आहेत. आईचे गुडघे धरलेले, म्हणून मला पाठवलं. सेलूहून रेल्वेनं मुंबई, तिथून विमान. पिशवीत डिंक, अळीव, बाळंतशोपा. तिथं शेगडी कुठली? इस्त्रीवर फडकं तापवून बाळाला शेकलं.

त्याच दिवसांत, १४ ते २१ मार्च, अबुधाबी आणि दुबईत स्पेशल ऑलिम्पिकच्या जागतिक स्पर्धा होत्या. बौद्धिक दिव्यांग खेळाडूंच्या. आपण ज्यांना सरसकट ‘येडं’ नाहीतर ‘खुळं’ म्हणून मोकळं होतो, त्यांच्या. १९० च्या वर देशांमधून सात हजारांहून जास्त खेळाडू आले होते. धावण्याच्या शर्यती दुबईत होत्या आणि बघायला तिकीट नव्हतं. मेहुणे म्हणाले, “ताई, घरात बसून कंटाळलात, दोन तास जाऊन या.”

मला वाटलं, लहान लेकरांची शाळेसारखी शर्यत असेल. बघते तर चाळिशीची बाई धावायला उभी. केसांत चांदी, पायात चांगले बूट. या खेळांत आठ वर्षांपासून पुढं कुणालाही भाग घेता येतो, वरची अट नाही. काहीजण जोरात पळत होते, आमच्या गावची पोरं मागं पडावीत असे. काहीजण हळू. पण जोरात पळणारा आणि हळू पळणारा एका शर्यतीत नव्हता.

हे कसं ते माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं सांगितलं. ती आपल्याच देशातली, हिंदी बोलणारी. तिचा मुलगा धावणार होता. ती म्हणाली, आधी एक चाचणी शर्यत घेतात, वेळ मोजतात. मग ज्यांची वेळ जवळपास सारखी त्यांचा गट करतात, वय बघतात, बाई-पुरुष वेगळे करतात. खरी शर्यत त्या गटात. मला लगेच जत्रेतली कुस्ती आठवली. पहिलवानाचं वजन आणि ताकद बघूनच जोड लावतात ना? किरकोळ पोराला हिंदकेसरीपुढं कोण उभं करतं? मग या लेकरांनाच का आपण वर्गात सगळ्यात हुशार पोराशेजारी उभं करतो आणि म्हणतो, याला काही येत नाही.

पहिल्या तिघांना पदक, त्यांच्या मागच्यांना फीत. गळा कुणाचाच रिकामा नाही. त्या वर्षी भारताच्या खेळाडूंनी ३६८ पदकं आणली. आपल्याकडं क्रिकेटच्या एका चषकाला गावभर फटाके वाजतात, या ३६८ ची बातमी मला तरी आपल्या फाट्यावर कुणी सांगितली नाही.

तर ती बाई. मुलगा लहान असताना सासरच्यांनी काय काय ऐकवलं ते तिनं सांगितलं. मग सहज विचारलं, “तुमच्या घरात कोण आहे? तुम्ही कुणासाठी आलात?”

मी म्हणाले, “कुणी नाही. अशीच आले.”

मैत्रिणींनो, माझ्या घरात माझी धाकटी नणंद आहे. तेव्हा ती बावीस वर्षांची होती. गटाची बैठक आमच्या ओसरीवर भरायची आणि बायका यायच्या आत मी तिला मागच्या खोलीत बसवून बाहेरून कडी घालायचे. ती मध्येच हसते, कुणाच्याही पदराला हात लावते, म्हणून. सासूबाईंनी मला असं करायला कधी सांगितलं नाही. ती कडी माझ्या हाताची. बीए झालेली, गावोगाव बायकांना हक्क सांगत फिरणारी मी, परक्या देशात, जिथं मला कुणी ओळखत नव्हतं तिथंसुद्धा खोटं बोलले.

नंतर मी या खेळांबद्दल वाचलं. ते सुरू केले युनिस केनेडी श्रायव्हर नावाच्या बाईनं. पहिल्या स्पर्धा २० जुलै १९६८ ला अमेरिकेत शिकागोला झाल्या. हिचा भाऊ अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष, आणि थोरली बहीण रोझमेरी बौद्धिक दिव्यांग. १९४१ मध्ये वडिलांनी रोझमेरीच्या मेंदूची शस्त्रक्रिया करवली, ती बिघडली, आणि मग तिला संस्थेत ठेवून घरच्यांनी कित्येक वर्षं वाच्यता केली नाही. १९६२ साली युनिसनं मासिकात लेख लिहून उघड सांगितलं, ही माझी बहीण. एवढ्या मोठ्या घरातही कडी होतीच.

गावी आल्यावर मी काही एका दिवसात सुधारले नाही. कडी काढायला पावसाळा उजाडला. पहिल्या बैठकीला नणंद आली, एकीच्या बांगड्या ओढल्या, एकजण उठून गेली. मला रडू आलं. दुसऱ्या बैठकीला मी तिच्या हातात सतरंजी दिली. ती अंथरणं आणि शेवटी घडी घालणं हे तिचं काम झालं. घडी वाकडी असते. आम्ही ती तशीच ठेवतो.

मग तिच्या दाखल्यामागं लागले. २०१६ च्या कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. त्यात बौद्धिक दिव्यांगत्व वेगळं आणि मानसिक आजार वेगळा लिहिला आहे. म्हणजे हा वेडेपणा नाही, बाहेरची बाधा तर नाहीच. ऑनलाइन अर्ज करायचा, तपासणी होते, मग यूडीआयडी कार्ड मिळतं. एका कार्यालयात आम्हाला तीन खेपा घातल्या, तिन्ही वेळा वेगळा कागद मागितला. तुम्ही जाल तेव्हा आधार, रेशनकार्ड, फोटो, जुने दवाखान्याचे कागद सगळं एकाच पिशवीत न्या. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ नावाची आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, बौद्धिक दिव्यांगांनाही मिळते. तिची चौकशी करा. आणि बचत गटाला एरवी दहा बायका लागतात, पण दिव्यांगांचा गट पाच जणांचाही करता येतो, त्यात पुरुषही चालतात.

गेल्या २६ जानेवारीला ग्रामसंघानं बायकांचे खेळ ठेवले, लिंबू-चमचा आणि धावणं. मी हट्टानं आधी चाचणी घेतली आणि वेळेप्रमाणे गट पाडले. थोड्या कुरकुरल्या, म्हणाल्या कशाला एवढा खटाटोप. पण त्यामुळं साठीच्या दोन आज्याही पळाल्या. नणंद चौघींत तिसरी आली. मध्येच थांबून तिनं सासूबाईंना हात केला, नाहीतर दुसरी आली असती, असं सासूबाई अजून सगळ्यांना सांगतात.

त्या दिवशी शेजारच्या वाडीतली एक बाई कार्यक्रम संपेपर्यंत कोपऱ्यात उभी होती. सगळ्या गेल्यावर जवळ आली आणि हळूच म्हणाली, “ताई, माझ्या घरी पण हाय एक. पोरगा हाय. चालंल का?” पुढच्या बुधवारी मी तिच्या घरी चालले आहे. तुमच्या घरी कुणी असेल तर तुमच्या गटाच्या ताईला सांगा, नाहीतर बुधवारी मला फाट्यावर गाठा.