कोतवालाचं बुक आणि आजीची पेटी

(रिछाई, जबलपूर इथल्या बैठकीतील भाषण)



माझ्या पीएचडीबद्दल बोल, असं मला सांगितलं होतं. मी मात्र आमच्या पत्र्याच्या पेटीबद्दल बोलणार आहे.

माझे आजोबा भंडारा जिल्ह्यातून इथे आले आणि १९०४ सालच्या गन कॅरेज फॅक्टरीत लागले. थोरले काका गावीच राहिले. दोन वर्षांपूर्वी काकांच्या मुलाची जात पडताळणी अडली. १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा पुरावा हवा होता. पेटीत आजोबांच्या शाळेच्या दाखल्याची झेरॉक्स निघाली, पण नेमका दाखल-खारीज रजिस्टरचा अनुक्रमांक कापला गेलेला. मूळ दाखला कुणी नेला, कधी, कशासाठी? कुठेच नोंद नाही. एका ओळीची नोंद असती, तर आम्ही गावच्या शाळेत दोन दिवस पानं उलटत बसलो नसतो.

त्याच फेरीत कोतवाल बुक पाहिलं. पणजोबा गावचे कोतवाल. गावातल्या जन्म-मृत्यूची वर्दी ते द्यायचे, बुक तेच ठाण्यात न्यायचे. लिहिणारा हात दुसऱ्याचा. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यात त्यांच्याच मुलीच्या मृत्यूची नोंद सापडली. नाव नाही. बापाचं नाव, जात महार, कारण ताप. वर्दी त्यांनीच दिली असणार.

नाव आजीला माहीत होतं. मी ते वहीत उतरवलं, पण नोंदीच्या नकलेत घुसडलं नाही. शेजारी लिहिलं : आजीनं सांगितलं, तिनं सासूकडून ऐकलेलं, आणि तारीख. बुकात काय आहे आणि घरात काय सांगितलं जातं, हे वेगवेगळं दिसलं पाहिजे. नाहीतर बुकानं तिचं नाव गाळलं होतं, हेही पुसलं जाईल.

आणि म्हाताऱ्या माणसांना घाईनं दुरुस्त करू नका. आजी म्हणते, "दीक्षेले आमी गेलो तवा नागपूर मध्यप्रदेशातच होतं." बाबा हसायचे. आजी बरोबर होती. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपूर मध्य प्रदेशची राजधानी होतं. राज्यं बदलली १ नोव्हेंबरला. अठरा दिवसांचा फरक, आणि तो तिच्या लक्षात होता. म्हणूनच आपले कागद दोन राज्यांत विखुरलेत.

तर आज एवढंच करू. फोटो काढताना आधी रजिस्टरच्या कव्हरचा, मग पूर्ण पानाचा, मग आपल्या नोंदीचा. प्रत्येक कागदाचं वेगळं पाकीट. कुठून मिळाला, कुणाकडे मूळ आहे, हे पाकिटावर पेन्सिलीनं. कागदावर काही लिहायचं नाही. लॅमिनेशन तर मुळीच नको, पुन्हा निघत नाही ते.

चहा झाला की पिशव्या उघडा. ज्यांच्याकडे कागद नाहीत, त्यांनी आपल्या आजीला पुढे बसवावं. रेकॉर्डर मी आणलाय.