चहाडी आणि तक्रार
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात झालेल्या भाषणाचा मजकूर)



संमेलनात भाषणास उभे राहणाऱ्याने ज्ञातीच्या उन्नतीविषयी, वधूवरांच्या अडचणींविषयी, निदान एखाद्या थोर पुरुषाविषयी तरी बोलावे, असा आपल्याकडे प्रघात आहे. आम्ही आज जो विषय घेतला आहे तो त्या मानाने क्षुल्लक वाटेल. रस्त्यात भलत्याच जागी उभी केलेली मोटार दिसली, तर साध्या नागरिकाने तिची तक्रार करावी की करू नये, एवढाच तो प्रश्न. कार्यवाहांनी विषय ऐकला तेव्हा त्यांस प्रथम हसू आले. परंतु याच प्रश्नापायी आपल्या ज्ञातीतील एका घराशी आमचे येणेजाणे वर्षभर बंद पडले, हे ठाऊक असल्यामुळे ते लगेच गंभीरही झाले.

चंद्रपूर हे परकोटाचे गाव. गोंड राजांनी उभारलेल्या त्या कोटाला चार वेशी आणि पाच खिडक्या. आतल्या गल्ल्या बैलगाडी आणि पायी माणूस यांच्या मापाने पडलेल्या. त्यांत आज घरटी एक मोटार आणि दोन दुचाक्या आल्या आहेत. जटपुरा वेशीच्या तोंडाशी संध्याकाळी जी दाटी होते, तिचे वर्णन येथे करण्याचे कारण नाही. आपण सर्वजण तीतूनच येथवर आला आहात. महात्मा गांधी मार्गावर दुकानासमोर दुकानदाराची गाडी, तिच्या बाजूला गिऱ्हाइकाची, आणि तिच्याही बाजूला ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणून गेलेल्या तिसऱ्याची, असा थर लागतो. ती दोन मिनिटे कोणत्या घड्याळात मोजतात, हे आम्हांस आजवर कळलेले नाही.

शहराबाहेर गेले म्हणजे या गोष्टीला निराळेच रूप येते. पडोलीकडून घुग्गुसच्या वाटेला लागावे, तो कोळशाचे ट्रक कडेला उभे. १९८२ साली आपल्या जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत सुरजागडच्या लोहखनिजाची वाहतूक वाढल्यापासून आलापल्ली-आष्टीच्या वाटेवर तीच तऱ्हा. रानातला रस्ता, दोन्हीकडे साग, चंद्र नाही, आणि वळणावर मागचा दिवा नसलेला ट्रक अर्धा डांबरावर उभा! बिघाड झाला तर चालक मागे चार धोंडे मांडतो आणि झाडाची एक डहाळी तोडून टाकतो. दिव्याचे काम ती डहाळी करते. दुरुस्ती झाली की ट्रक निघून जातो. धोंडे मात्र तेथेच राहतात आणि पुढच्या दुचाकीस्वाराची वाट पाहतात. भामरागड, एटापल्लीकडून रुग्ण घेऊन गडचिरोलीस निघालेल्या गाडीला तास न् तास अशा वाटेने यावे लागते, हे ध्यानात घेतले म्हणजे वाटेतील अडथळा ही केवळ गैरसोय राहत नाही. मोहर्लीच्या वाटेवर वाघाने दर्शन दिले की मोटारी जेथल्या तेथे थांबतात आणि मागच्यांनी काय करावे हा प्रश्न वाघावरच सोपविला जातो, तो प्रकार आणखी वेगळा.

आता आमची हकीकत. मागल्या वर्षी परकोटाच्या आतल्या एका मंगल कार्यालयात आपल्याच ज्ञातीतील एक लग्न होते. पंगत बसली होती. कार्यालयाच्या बाजूच्या गल्लीत एका वृद्ध गृहस्थांस छातीत कळ आली. घरच्यांनी १०८ क्रमांकास दूरध्वनी केला, रुग्णवाहिका आलीही. परंतु गल्लीच्या तोंडाशी एक मोठी पांढरी मोटार अशी आडवी लावलेली होती की हातगाडीसुद्धा आत गेली नसती. ध्वनिक्षेपकावरून गाडीचा क्रमांक तीन वेळा पुकारला गेला. कोणी उठले नाही. पुढे कळले की मालक पंगतीतच होते, आणि श्रीखंड नुकतेच वाढले होते. शेवटी तरुण पोरांनी त्या वृद्धांस खाटेवर घालून चौकापर्यंत वाहून नेले. ते वाचले, म्हणूनच हा प्रसंग आज थोड्या हलक्या मनाने सांगता येतो.

दरम्यान आम्ही गाडीचे छायाचित्र घेतले होते आणि ११२ क्रमांकावर कळविले होते. पोलीस आले, दंड झाला. मालकांस आमचे नावही समजले; आम्ही ते लपविले नव्हते. मालक निघाले आमच्याच सोयरिकीतले. त्यानंतर त्या घरचे हळदीकुंकवाचे बोलावणे आमच्या घरी आले नाही. एका वडीलधाऱ्या आप्ताने तर आम्हांस बाजूला घेऊन विचारले, “गुरुजी, बाहेरच्याची केली असती तर समजलो असतो, आपल्या माणसाची चहाडी कशी केलीत?”

हा ‘चहाडी’ शब्द आमच्या मनाला लागला, कारण तो आमच्याच धंद्यातला. आम्ही चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकविले. “गुरुजी, हा बघा मला वेडावतो,” असे सांगत येणाऱ्या शेकडो पोरांस आम्ही “चहाडी करू नये” म्हणून जागेवर परत पाठविले आहे. मग आमच्याच शिकवणुकीने आम्ही चहाडखोर ठरलो काय? पुष्कळ रात्री विचार केला आणि एक जुनी गोष्ट आठवली. एकदा एक पोर धावत आले व म्हणाले, “गुरुजी, विहिरीवरची फळी कोणीतरी काढली आहे.” त्यास आम्ही जागेवर पाठविले नाही, आम्हीच विहिरीकडे धावलो. फळी कोणी काढली हे त्या पोराने सांगितले नव्हते, आणि आम्हीही ते दुसऱ्या दिवशी विचारले. चहाडीत माणूस पुढे असतो आणि त्याला शिक्षा व्हावी ही इच्छा असते. तक्रारीत फळी पुढे असते. चहाडी कानात सांगतात. तक्रार सहीनिशी करतात, आणि शक्य असेल तेव्हा त्या माणसालाच प्रथम सांगून करतात. आम्ही तक्रार केली ती गाडीची. म्हणूनच ते गृहस्थ आज या सभागृहात आहेत की नाहीत, हे आम्ही सांगणार नाही.

कायदा याविषयी काय म्हणतो, तेही थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळांस हे केवळ हवालदाराच्या मर्जीचे काम वाटते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२२ असे आहे की, सार्वजनिक जागी इतरांस धोका, अडथळा किंवा अकारण त्रास होईल अशा रीतीने वाहन उभे ठेवू नये. तेथे ‘नो पार्किंग’ची पाटी असलीच पाहिजे, असे ते कलम म्हणत नाही. कलम १२७ प्रमाणे मनाई असलेल्या जागी ठेवलेले, अथवा दहा तास बेवारस राहिलेले वाहन गणवेशातील पोलीस अधिकाऱ्यास उचलून नेता येते किंवा चाकाला कुलूप घालता येते, आणि उचलण्याचा खर्च मालकावर पडतो. किरकोळ अपराधांसाठी असलेल्या कलम १७७ चा दंड पूर्वी शंभर रुपये होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या खेपेस ५०० व पुढे १,५०० रुपयांपर्यंत झाला. शिवाय १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २८५ नुसार सार्वजनिक वाटेत अडथळा करणाऱ्यास ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेत ही रक्कम दोनशे रुपये होती. राज्याच्या वाहतूक पोलिसांनी ‘महाट्रॅफिक’ नावाचे जे ॲप काढले, त्यात नागरिकाने छायाचित्रासह कळविण्याची सोय ठेवली. ज्यांच्या हातात तसला भ्रमणध्वनी नाही, त्यांनी वाहतूक शाखेत साधा अर्ज द्यावा. परंतु दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोहोच घेतल्यावाचून उठू नये. पोहोच असली म्हणजे माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्याने पुढे काय झाले ते विचारता येते.

छायाचित्रात तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत: गाडीचा क्रमांक, ती जागा ओळखू येईल अशी एखादी खूण, आणि अडथळा. नुसता क्रमांक पाठविला तर गाडी कोठे होती हे कोणास कळणार? तारीख व वेळ लिहावी. मालकाचे नाव, त्याची जात, त्याचा स्वभाव यांविषयी एक अक्षरही लिहू नये. आणि गाडीत चालक असेल तर आधी त्याच्याशी बोलावे. आमचा अनुभव असा की, दहांतील सात जण नुसत्या “भाऊ, जरा पुढे घेता का?” एवढ्यावर गाडी काढतात. उरलेल्या तिघांपैकी एक भांडतो. त्याच्याशी भांडू नये. चार पावले मागे यावे आणि कळवावे.

मोबदल्याविषयीही बोलले पाहिजे. १६ जून २०२२ रोजी दिल्लीतील एका परिषदेत आपल्या नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी असा मनोदय बोलून दाखविला होता की, रस्त्यात भलतीकडे गाडी लावणाऱ्यास एक हजाराचा दंड असावा आणि छायाचित्र पाठविणाऱ्यास त्यातील पाचशे द्यावे. गोव्यात तर २०१७ च्या नोव्हेंबरात पोलिसांनी अशी योजना काढलीही. कळविणाऱ्या नागरिकाच्या खाती गुण जमत आणि त्या गुणांवर रोख बक्षीस मिळे. तिच्यावर टीकाही पुष्कळ झाली. श्री. गडकरींच्या कळकळीविषयी आम्हांस शंका नाही, परंतु पाचशे रुपये आमच्या गळ्याखाली उतरत नाहीत. ज्या दिवशी पैसे मिळू लागतील, त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आडवी लागलेली मोटार सोडून लोक बाजारात सोपी छायाचित्रे काढीत फिरतील. आपल्याच गावात इको-प्रो संस्थेच्या तरुणांनी श्री. बंडू धोतरे यांच्याबरोबर २०१७ सालापासून परकोटाची झाडलोट केली; पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील ‘मन की बात’मध्ये तिचा उल्लेख केला. त्या पोरांस कोणी झुडपामागे पैसे दिले नव्हते.

यापेक्षा मोठा धोका दुसराच आहे आणि तो आपल्यासारख्यांच्या हातून अधिक घडतो. गडचिरोलीस इंदिरा गांधी चौकात रानातून बाजाराला आलेला माणूस आपली जुनी दुचाकी टेकवून मिरची घ्यायला जातो. तिचे छायाचित्र घेणे सोपे, कारण तो भांडायला येत नाही. आपल्या दुकानासमोरची आपली मोटार मात्र आपल्या डोळ्यांस दिसत नाही. बाहेरच्याची तक्रार करावी आणि आपल्याची झाकावी, हा जो आमच्या आप्तांचा सल्ला होता, तो पाळला तर ती तक्रार राहतच नाही. तिचीच चहाडी होते. गाडी ठेवण्यास जागा नाही ही अडचण खरी आहे. परंतु जागा नेमून देणे हे महानगरपालिकेचे काम, आणि तिच्याकडेही अर्ज करता येतो. तसले अर्ज आपल्या मंडळाने आजवर किती केले, हे कार्यवाहांनी दप्तर पाहून सांगावे.

आता एक कबुली. आमचीही दुचाकी आहे. गेल्या पावसाळ्यात निवृत्तिवेतनाच्या कामासाठी घाईत गेलो आणि ती पदपथावर लावली. चार दिवसांनी पाचशे रुपये दंडाचा संदेश आला, सोबत छायाचित्र. क्रमांक स्वच्छ, जागा स्वच्छ, आणि आमच्या गाडीला वळसा घालून रस्त्यात उतरलेल्या एक काठीवाल्या आजीबाईही स्वच्छ. तरी आमच्या तोंडून पहिला शब्द काय निघाला? “कोणी केली ही चहाडी?” घरातून उत्तर आले, “कोणी का असेना, आजीबाई पडल्या नाहीत ना?” दंड आम्ही त्याच दिवशी भरला. छायाचित्र कोणी घेतले ते अद्याप समजलेले नाही, आणि आता शोधीतही नाही. त्यानंतर मात्र आमच्या त्या आप्तांवरचा राग पुष्कळ उतरला. पंगतीतून न उठणे आणि संदेश पाहून आधी चहाडखोर शोधणे, यांत अंतर थोडेच आहे.

आम्ही एक सूचना लेखी दिली आहे. यापुढे मंडळाच्या निमंत्रणपत्रिकेवर भोजनाच्या वेळेखाली वाहने कोठे लावावीत ते छापावे, आणि लग्नकार्यात दोन स्वयंसेवक जेवणावर न नेमता गल्लीच्या तोंडाशी नेमावे. ती मंजूर करावी की नाही, हे सभेने ठरवावयाचे आहे.

तूर्त एवढेच सांगावयाचे की, सकाळी आत येताना आम्ही मोजले. समोरच्या दवाखान्याच्या फाटकापाशी तीन मोटारी व सहा दुचाक्या लागल्या आहेत, आणि त्यांतील बहुतेक आपल्याच आहेत. अध्यक्षमहाराजांनी दहा मिनिटांची अनुमती दिली आहे. ज्यांच्या गाड्या तेथे असतील त्यांनी किल्ल्या घेऊन जाऊन याव्यात. तोवर आम्ही पाणी पितो.