वाळवंटाची कड खानदेशात कुठे आहे?



हिवाळा लागला की जळगाव-धुळ्याकडची अनेक कुटुंबं जैसलमेरला जातात. सम किंवा खुरी या गावांपाशी खेजडीची शेवटची झाडं मागे पडतात आणि समोर नुसत्या वाळूच्या टेकड्या उरतात. आपण वाळवंटाच्या कडेला उभे आहोत, असं तिथे प्रत्येकाला वाटतं. परतताना पांझरा, बोरी, गिरणा ओलांडून घर जवळ आलं की त्या कडेपासून आपण शेकडो किलोमीटर दूर आहोत, याचं समाधानही वाटतं. हे समाधान मला पटत नाही. वाळवंटाची एक कड खानदेशातूनही जाते, आणि ती आपल्या नद्यांच्या पात्रांतून जाते. नदीची वाळू उपसून नेलेल्या, खालची चिकणमाती किंवा खडक उघडा पडलेल्या प्रत्येक पात्रात ती कड आज दिसू शकते. हे विधान धाडसाचं वाटेल, म्हणून त्याचे पुरावे आणि त्यावरचे आक्षेप आज आपल्यापुढे मांडतो.

वाळवंट म्हणजे वाळू, हे समीकरण आपल्या मनात फार घट्ट बसलं आहे. भूगोल तसं सांगत नाही. जगातल्या वाळवंटांच्या एकूण क्षेत्रापैकी जेमतेम पाचवा हिस्सा वाळूने झाकलेला आहे. बाकी सगळा खडक, गोटे, मुरूम आणि खारी जमीन. वाळवंटीकरण रोखण्यासाठी 17 जून 1994 रोजी जो आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला गेला, त्यातही वाळूच्या टेकड्या पुढे सरकण्याला मध्यवर्ती स्थान नाही. कोरड्या, निमकोरड्या आणि कमी पावसाच्या प्रदेशात हवामानामुळे व माणसाच्या वागण्यामुळे जमिनीचा कस जाणं, याला तो करार वाळवंटीकरण म्हणतो. इस्रोच्या अहमदाबादच्या अंतराळ उपयोग केंद्राने याच अर्थाने देशाचा नकाशा तयार केला. 2011 ते 2013 या काळात देशाची 29 टक्क्यांहून अधिक जमीन या अवनतीखाली होती आणि महाराष्ट्राची सुमारे 45 टक्के. 2018-19 ची पाहणी आली तेव्हा देशाचा आकडा आणखी थोडा वाढून 9 कोटी 78 लाख हेक्टरांवर गेला होता. महाराष्ट्रात याचं मोठं कारण वारा किंवा पुढे सरकणारी वाळू हे नाही. पावसाचं वाहतं पाणी माती घेऊन जातं, हे आहे. म्हणजे जिथे पाऊस पडतो पण जमीन त्याला धरून ठेवू शकत नाही, तिथे हा रोग आहे.

धुळे जिल्ह्याच्या पूर्व भागात, विशेषतः शिंदखेड्याकडे, वर्षाला पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो; जळगावकडे साधारण सातशे. जैसलमेरला दोनशेही पडत नाही. पण तिथल्या माणसाने वाळूकडून काय काम करून घेतलं, ते पाहण्यासारखं आहे. जैसलमेर-बाडमेरच्या काही पट्ट्यांत वाळूखाली जिप्समचा थर आहे. पावसाचं पाणी वाळूत मुरतं, त्या थरावर अडतं आणि ओलाव्याच्या रूपाने महिनोन्‌महिने टिकतं. अरुंद कुई खणून ते थेंबाथेंबाने काढायचं, हे शास्त्र तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलं. अनुपम मिश्र यांनी 1995 साली प्रसिद्ध झालेल्या ‘राजस्थान की रजत बूंदें’ या पुस्तकात त्याचं सविस्तर वर्णन केलं आहे. थरच्या वाळवंटात वाळू पाण्याची राखणदार आहे. आपल्याकडे निसर्गाने हेच काम नदीच्या वाळूवर सोपवलं होतं, आणि आपण ती राखणदारच ट्रॅक्टरमध्ये भरून पाठवत आहोत.

थोडा हिशेब करू. भरड वाळूच्या कणांमध्ये मोकळी जागा असते. त्या जागेतलं सगळं पाणी बाहेर येत नाही, पण वाळूच्या एकूण घनफळाच्या साधारण पाचवा हिस्सा पाणी विहिरीत किंवा झिऱ्यात उतरतं. नदीचं एक किलोमीटर लांबीचं, शंभर मीटर रुंदीचं पात्र घ्या आणि त्यात तीन मीटर खोल वाळू आहे असं समजा. ती तीन लाख घनमीटर वाळू झाली. तिच्यात साठ हजार घनमीटर, म्हणजे सहा कोटी लिटर उपसता येण्याजोगं पाणी मावतं. माणशी रोज 55 लिटर हा नळयोजनांचा मापदंड धरला, तर पाच हजार वस्तीच्या गावाला हे पाणी सात महिने पुरतं. हा साठा एकदाच मिळत नाही; प्रत्येक चांगल्या पुरानंतर तो नव्याने भरतो. आता हेच उलट बाजूने पाहा. वाळू ब्रासने मोजतात. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, पावणेतीन घनमीटरांहून थोडी जास्त. एक ब्रास वाळू पात्रातून गेली की साडेपाचशे लिटरांहून अधिक पाणी धरणारी जागा कायमची गेली. दहा माणसांचं एका दिवसाचं पाणी! ट्रॉलीचा भाव ठरवताना ही किंमत कुणीच लावत नाही.

वाळूचा आणखी एक गुण खानदेशच्या उन्हाळ्याशी थेट जोडलेला आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा 44-45 अंशांवर जातो. उघड्या तलावातलं पाणी तेव्हा डोळ्यांदेखत आटतं. पण वाळूत पाण्याची पातळी दीड-दोन हात खाली गेली की बाष्पीभवन जवळजवळ थांबतं, कारण वरचा कोरडा थर झाकणाचं काम करतो. केनियातल्या किटुई, मचाकोस, माकुएनी या कोरड्या भागांतले लोक याच गुणासाठी नदीत आडव्या भिंती बांधतात. पाणी अडवणं हा त्या भिंतींचा पहिला उद्देश नसतो. पुराबरोबर येणारी वाळू त्यांच्यामागे साचावी आणि त्या वाळूत पाणी राहावं, एवढ्यासाठी त्या असतात. जे मिळवायला तिथली माणसं श्रमदान करतात, ते गिरणेला, पांझरेला, बोरीला निसर्गाने आधीच दिलेलं होतं. भर उन्हाळ्यात पात्रात झिरा खणून हंडा भरणं, पात्रातल्या वाळूवर टरबूज-डांगराच्या वाड्या लावणं, हे सगळं त्याच साठ्यावर चालत आलं.

वाळू गेल्यावर फक्त पात्रातलं पाणी जातं असंही नाही. पात्राचा तळ खाली गेला की काठच्या विहिरींची पातळी नदीपेक्षा उंच ठरते आणि विहिरींचं पाणी नदीकडे उतरू लागतं. जी नदी काठाला पाणी देत होती, ती काठाकडून पाणी ओढून घेते. गिरणा धरणातून पिण्यासाठी आवर्तन सोडलं की ते आधी उपशाचे खड्डे भरत पुढे सरकतं, आणि शेवटच्या गावाच्या विहिरीपाशी पोहोचेपर्यंत त्याचा जोर सरलेला असतो.

यावर पहिला आक्षेप असा की वाळू दरवर्षी पुराबरोबर परत येते, मग उचलली तर काय बिघडलं? मुक्त वाहणाऱ्या नदीच्या बाबतीत या म्हणण्यात तथ्य होतं. पण गिरणा आता मुक्त नाही. वरच्या अंगाला चणकापूरचं शंभर वर्षांहून जुनं धरण आहे, खाली 1969 साली पूर्ण झालेलं गिरणा धरण आहे. पांझरेवर लाटीपाडा आणि अक्कलपाडा आहेत. धरणाच्या भिंतीशी भरड वाळू थांबते. दारांतून खाली जातं ते बहुतांशी पाणी आणि बारीक गाळ. तापीवरच्या हतनूर धरणात गाळ किती साचतो, हे जळगाव जिल्ह्याला नव्याने सांगायला नको. वरून येणारी वाळू अडवायची आणि खालची जुन्याच वेगाने उपसायची, हा हिशेब कुठल्याच वहीत जमत नाही. शिवाय बसाल्टचा खडक झिजून, फुटून भरड वाळू व्हायला जो काळ लागतो, तो माणसाच्या आयुष्यात मोजण्याचा नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो मांडणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. घरकुलं, शाळा, पूल, रस्ते यांना वाळू लागतेच. ती आणायची कुठून? वाळवंटातली आणता येत नाही. वाऱ्याने घासून तिचे कण गोल आणि गुळगुळीत झालेले असतात, ते काँक्रीटमध्ये धरत नाहीत. म्हणून तर संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजाने जगाला दरवर्षी लागणारी सुमारे पाच हजार कोटी टन वाळू-खडी मुख्यतः नद्या, खाणी आणि किनारे यांतून येते. पण खानदेशात काळ्या दगडाची कमतरता नाही. तो दळून केलेली कृत्रिम वाळू बांधकामाला चालते आणि राज्य सरकारनेही 2025 साली तिला उत्तेजन देणारं धोरण स्वीकारलं. खाणींची धूळ आणि डोंगरांचे लचके हे तिचे तोटे आहेत, ते मी नाकारत नाही. तरीही दगडाला पर्याय शोधता येतो. पाणी साठवणाऱ्या पात्राला पर्याय नाही. सर्वोच्च न्यायालयाने 27 फेब्रुवारी 2012 रोजी दीपक कुमार खटल्यात लहान क्षेत्रातल्या गौण खनिजाच्या उपशालाही पर्यावरण परवानगी बंधनकारक केली, त्यामागेही नदीच्या नुकसानीची हीच चिंता होती.

तिसरा आक्षेप यावल-रावेरकडून येईल. जळगावच्या केळीला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालं, मैलोन्‌मैल हिरवे मळे आहेत, आणि तुम्ही वाळवंटाची भाषा करता? त्या हिरवाईखाली काय आहे ते पाहावं लागतं. सातपुडा आणि तापी यांच्यामध्ये गाळाचा अतिशय जाड थर आहे, चिकणमाती, वाळू आणि गोटे यांचे एकावर एक पदर असलेला. सातपुड्याच्या पायथ्याशी सुकी, मोर यांसारख्या नद्या गोट्यांच्या पट्ट्यातून जाताना त्यात पाणी मुरवत आल्या. केळी पिकते ती या फार जुन्या ठेवीवर, आणि ठेव भरण्यापेक्षा काढण्याचा वेग जास्त झाल्यामुळे कूपनलिका खोल खोल गेल्या. महाराष्ट्राच्या 2009 च्या भूजल कायद्याने खोल विहिरींवर साठ मीटरची मर्यादा घातली, पण उपशाची ओढ काही थांबली नाही. पूर्ण कोरड्या मुलखात सूचना लवकर मिळते. हिरव्या मळ्यात ती उशिरा मिळते, एवढाच फरक. तापी मेगा रिचार्ज योजनेचा करार 10 मे 2025 रोजी भोपाळमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांच्यात झाला. पायथ्याच्या त्याच गोट्या-वाळूच्या पट्ट्यात पाणी मुरवणं, हे तिचं सूत्र आहे.

शिरपूरचं उदाहरण इथे महत्त्वाचं आहे, कारण ते माझ्या विरोधातही वापरलं जातं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी 2004 पासून शिरपूर तालुक्यात नाले खोल आणि रुंद करून बंधाऱ्यांची साखळी उभी केली, विहिरींना पाणी आलं. मग पात्र खोदणं चांगलंच, नाही का? तिथल्या गाळाच्या भागात मात्र वरचा चिकणमातीचा थर काढून खालच्या वाळूच्या थरापर्यंत पाणी पोहोचवलं गेलं. म्हणजे तिथेही काम केलं ते वाळूने. वाळू उपसून नेणं आणि वाळूचं तोंड मोकळं करणं, या दोन गोष्टी एका शब्दात बसवून ‘खोलीकरण’ म्हटलं की ठेकेदाराची सोय होते, विहिरीची होत नाही.

ही कड मागेही ढकलता येते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्याबरोबर अकराशे एकरांच्या आसपास जंगल राखलं. पवार यांना 2025 साली पद्मश्री मिळाली. पांझरेच्या खोऱ्यात फड पद्धतीने शतकानुशतकं गावांनी बंधारे सांभाळले. शिवाराचे फड पाडून कुठल्या फडात कोणतं पीक घ्यायचं हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. पाटकरी, जागल्या, हवालदार नेमून पाणी वाटलं. नदीवर गावाची नजर असणं ही त्या व्यवस्थेची पहिली अट होती. आज ती नजर वापरायला एक जागा आहे. 2016 च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार वाळूचे गट ठरवण्याआधी जिल्हा सर्वेक्षण अहवाल करावा लागतो आणि तो हरकतींसाठी 21 दिवस लोकांसमोर ठेवावा लागतो. गिरणाकाठच्या, पांझराकाठच्या गावांनी पावसाळ्याआधी आणि नंतर आपल्या पात्रातल्या वाळूची खोली मोजावी, काठच्या विहिरींची पातळी त्याच वहीत लिहावी, ग्रामसभेत वाचून दाखवावी आणि त्या 21 दिवसांत ती वही हरकतीसोबत जिल्हाधिकारी कार्यालयात दाखल करावी.