न सापडण्याचीही नोंद



कृष्णद्रव्याच्या शोधावरील या परिषदेत स्वागत समितीच्या वतीने मी आपणा सर्वांचे दादरमध्ये मनःपूर्वक स्वागत करतो. गिरगाव, परळ, लालबागमधली कॉलेजची मुले सकाळपासून नोंदणीच्या टेबलाशी उभी आहेत. हे स्वागत त्यांच्याही वतीने.

विश्वातले सुमारे ८५ टक्के द्रव्य आपल्याला दिसत नाही. ते ॲक्सिऑन नावाच्या अतिशय हलक्या कणांचे असू शकेल. पेच्ची आणि क्विन यांनी १९७७ साली न्यूट्रॉनच्या एका कोड्यावर तोड सुचवली. त्या तोडग्यातून असा कण निघतो, हे पुढच्याच वर्षी वाइनबर्ग आणि विल्चेक यांनी दाखवले. १९८३ मध्ये सिकिव्ही यांनी तो पकडण्याची रीत सांगितली: प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ॲक्सिऑनच्या सूक्ष्मलहरी होऊ शकतात.

सिॲटलचा एडीएमएक्स प्रयोग याच रीतीने चालतो. तांब्याचा मुलामा दिलेले पोकळ नळकांडे, पृथ्वीच्या चुंबकत्वाहून लाखपटीने प्रबळ चुंबक आणि निरपेक्ष शून्याच्या जेमतेम वरचे तापमान. आतल्या दांड्या किंचित सरकवायच्या, ऐकायचे, पुन्हा सरकवायच्या. रेडिओचे बटण फिरवत स्टेशन शोधावे तसे. २०१८ मध्ये त्यांनी ६४५ ते ६८० मेगाहर्ट्झचा पट्टा तपासल्याचे जाहीर केले. ॲक्सिऑन सापडला नाही. पण तिथे तो अपेक्षेइतका असता, तर दिसलाच असता, हे मात्र पक्के झाले.

चिकाटीने नोंदी ठेवत राहण्याच्या अशा कामाचे मोल मुंबईला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून भूचुंबकत्वाच्या नोंदी होत होत्या. शहरात विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर त्यांच्या चुंबकीय गोंगाटापासून दूर, अलिबागला नवी वेधशाळा उभी राहिली. १९०४ ते १९०६ दोन्हीकडे जोडीने नोंदी घेतल्या गेल्या, म्हणून मालिका तुटली नाही.

कुलाब्याच्याच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे शास्त्रज्ञ १९६०च्या दशकाच्या आरंभी कोलारच्या सोन्याच्या खाणीत उतरले. अडीच किलोमीटरहून खोल त्यांचे यंत्र दोन महिने चालले आणि वैश्विक किरणांतून येणारा एकही म्युऑन नोंदला गेला नाही. रिकामी वही म्हणून त्यांनी ती बाजूला टाकली नाही. इतकी शांत जागा न्यूट्रिनो टिपण्यासाठी योग्य, हे त्यांनी ओळखले. १९६५ मध्ये जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसह त्यांनी वातावरणीय न्यूट्रिनो टिपले. जगातल्या अशा पहिल्या नोंदींपैकी त्या होत्या.

आज त्याच संस्थेत कथिलाच्या केंद्रकांवरील प्रयोगासाठी निरपेक्ष शून्याच्या वर अंशाच्या शंभराव्या भागापर्यंत थंड करणारे यंत्र आहे. अतिशीत तापमान हाताळणारी माणसे या शहरात आहेत. ॲक्सिऑनच्या शोधाला खोल खाण लागत नाही. एका खोलीत मावणारी मांडणी आणि वर्षानुवर्षांची चिकाटी लागते. तेव्हा माझी परिषदेला कळकळीची विनंती आहे की, असा प्रयोग मुंबईत कसा उभा राहील याचा आराखडा दोन दिवसांत करावा. विद्यार्थ्याच्या प्रबंधात ‘काही आढळले नाही’ असा निष्कर्ष आला, तर मोजमाप चोख असल्यास त्याला पूर्ण मान द्यावा. ही हमी असेल तरच हुशार मुले इतक्या लांबच्या वाटेला लागतील.